आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

ज्या घरात दहावीचा विद्यार्थी आहे, त्या घरात हल्ली एकाच वस्तूविषयी आग्रह आणि धास्ती अशी दोन्ही दिसून येतात. लॅपटॉप नसेल तर मुलगा मागे पडेल, ही एक चिंता. आणि तो मांडीवर घेतला तर ‘रेडिएशन’मुळे त्याला काही तरी असाध्य रोग जडेल, ही दुसरी. उशाशी मोबाइल नको, निजायच्या खोलीत वाय-फायची पेटी नको, गावात टॉवर तर नकोच नको, असे सल्ले पालकसभेतही कानी पडतात. ते पोटतिडकीनेच दिलेले असतात, यात संशय नाही. परंतु मायेला विवेकाची जोड नसेल, तर आग रामेश्वरी लागलेली असता बंब सोमेश्वरी जातो. या प्रश्नात आपले नेमके तेच होत आहे, असे माझे मत आहे.

भाषेच्या अध्यापकाने विज्ञानाच्या प्रांतात का शिरावे, असे कोणी विचारील. उत्तर असे, की या भीतीचे अर्धे मूळ एका शब्दात आहे. ‘रेडिएशन’ हा शब्द सूर्यप्रकाशाला लागतो, चुलीच्या धगीला लागतो, आकाशवाणीच्या लहरींना लागतो आणि १९४५ साली हिरोशिमावर जे कोसळले त्यालाही लागतो. मराठीने येथे दोन शब्द दिले आहेत. कोणतीही ऊर्जा लहरींच्या वा किरणांच्या रूपाने पसरणे, ते प्रारण. आणि विशिष्ट अणूंच्या गर्भातून भेदक किरण बाहेर पडणे, तो किरणोत्सर्ग. मोबाइलच्या लहरींनाही आपण सरसकट किरणोत्सर्ग म्हणतो आणि मनात बॉम्बचे चित्र उभे राहते. आमच्या कोंकणीत भीतीला ‘भिरांत’ म्हणतात. भ्रांती आणि भिरांत यांत कानाला फारसे अंतर जाणवत नाही, आणि येथे तर ते मुळीच उरलेले नाही.

किरणोत्सर्गाची भीती खरी आहे. १९२० च्या सुमारास अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्या रेडियमयुक्त रंगाने रंगविणाऱ्या मुली कुंचल्याचे टोक ओठांत धरून अणकुचीदार करीत. त्यांपैकी कित्येकींच्या जबड्यांची हाडे कुजली आणि अनेक जणी मरण पावल्या. पण वाय-फायची लहर त्या जातीची नव्हे. ती बहुधा सेकंदाला २.४ अब्ज आवर्तने घेते, तर डोळ्यांना दिसणारा प्रकाश निदान ४ लाख अब्ज. आवर्तने जितकी अधिक तितका ऊर्जेचा प्रत्येक कण सशक्त, हा निसर्गनियम. म्हणजे देवघरातील समईच्या प्रकाशाचा एक कण वाय-फायच्या कणाहून दीड लाख पटींपेक्षाही अधिक सशक्त असतो! अणू फोडण्याचे किंवा पेशीतील रेणू तोडण्याचे बळ या लहरींत नाही. त्या फार मोठ्या प्रमाणात पडल्या तर शरीर तापवू शकतात; म्हणूनच भारतात मोबाइलसाठी शरीराच्या किलोमागे १.६ वॉट अशी मर्यादा ठरलेली आहे.

‘मग जागतिक आरोग्य संघटनेने धोक्याची सूचना का दिली?’ असा प्रश्न जाणता पालक करील. तो योग्यच आहे. त्या संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली या लहरी ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात घातल्या. याचा अर्थ पुरावा अपुरा, तपास चालू ठेवा, इतकाच. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे. तपास पुढे चालला. संघटनेनेच करविलेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात ६३ अभ्यास तपासले गेले. मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. संशोधन यापुढेही व्हावे. परंतु शंकेला सिद्धांताचे आसन देऊ नये.

मग आग कोठे आहे? मौज अशी, की या यंत्रांच्या ज्या प्रारणांना कोणी भीत नाही, तीच अपाय करतात. पहिले, उष्णता. तापलेला लॅपटॉप रोज तासन् तास मांडीवर ठेवल्याने एका १२ वर्षांच्या मुलाच्या मांडीवर जाळीदार डाग उमटल्याचे २०१० साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले. दुसरे, साधा प्रकाश. रात्री पडद्याचा उजेड डोळ्यांत जात राहिला, की झोप आणणारा स्राव उशिरा स्रवतो. मुलगा बारानंतर निजतो आणि सकाळी पहिल्या तासाला पेंगतो. शिवाय सतत जवळचे पाहून आणि मैदान सोडून दूरचे अंधुक दिसू लागते, ते वेगळेच. उशाजवळचा मोबाइल दूर ठेवा, हा सल्ला म्हणून योग्यच आहे. मात्र त्याचे कारण लहरी नव्हेत, निद्रा हे आहे. कारण चुकले, की लोक मोबाइलला ‘रेडिएशनरोधक’ चिकटपट्टी लावतात आणि मुलाला रात्री दोनपर्यंत जागू देतात.

चुकीच्या भीतीची किंमत गोमंतकाने मोजली आहे. २०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर भरत असता सत्तरी, सांगे तालुक्यांतील मुले रेंज मिळावी म्हणून भर पावसाळ्यात डोंगर चढत होती. रानवाटा आणि विरळ वस्ती ही त्याची कारणे खरीच. पण कित्येक गावांत टॉवरला विरोध झाला तो आरोग्याच्या नावाने. वस्तुतः टॉवर दूर असला, की कानाशी धरलेला मोबाइल अधिक जोर लावून लहरी सोडतो. लहरींची तीव्रता अंतर दुप्पट झाले की चौथाई होते. म्हणजे दूरचा टॉवर टाळण्यासाठी आपण कानाजवळचे प्रारण वाढवून घेतो!

विद्यार्थिमित्रांनो, लॅपटॉप मेजावर ठेवा. वीस मिनिटांनी मान वर करून दूरच्या माडाकडे पाहा. निजण्यापूर्वी तासभर पडदा मिटा. आणि पालकहो, ग्रामसभेत टॉवरचा विषय निघाला, तर जागा, मालकी, रस्ता यांविषयी अवश्य भांडा. परंतु मुलाच्या प्रकृतीचे नाव घेण्यापूर्वी आदल्या रात्री तो किती वाजता झोपला, हे एकदा विचारा.