बीडचे संजय बांगर : खेळाडू ते प्रशिक्षक

बीड जिल्हा म्हटले की दुष्काळ आणि ऊसतोड, एवढेच बाहेरच्या माणसाला आठवते. पण याच बीडमध्ये ११ ऑक्टोबर १९७२ रोजी जन्मलेले संजय बांगर भारताकडून कसोटी क्रिकेट खेळले आणि पुढे भारतीय संघाला फलंदाजी शिकवू लागले. आमच्या वाचकांच्या घरोघरी खेळणारी मुलेमुली आहेत, म्हणून या वेळी त्यांची वाटचाल सांगतो.

बांगर महाराष्ट्र व मुंबईच्या कुमार संघांतून खेळले, पण मोठ्या संघात जागा मिळेना. अशा वेळी कितीतरी मुले खेळ सोडून देतात. बांगर रेल्वेच्या संघात गेले. सलामीला फलंदाजी करायची आणि मध्यमगती गोलंदाजीही टाकायची, अशी दुहेरी मेहनत त्यांनी वर्षानुवर्षे केली. डिसेंबर २००१ मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध ते पहिली कसोटी खेळले, तेव्हा वय होते २९. त्याच २००१-०२ च्या हंगामात रेल्वेने रणजी करंडक प्रथमच जिंकला.

ऑगस्ट २००२ ची लीड्सची कसोटी जाणकार अजून आठवतात. आभाळ भरलेले, चेंडू सारखा वळत होता. सेहवाग लवकर बाद झाले. बांगरांनी दोनशेहून अधिक चेंडू खेळून ६८ धावा काढल्या आणि द्रविडबरोबर १७० धावांची भागी केली. पुढे द्रविड, तेंडुलकर व गांगुली या तिघांची शतके झाली. भारत एक डाव ४६ धावांनी जिंकला. नाव शतकवाल्यांचे झाले, पण पाया बांगरांनी घातला होता. अशी पाया घालणारी माणसे आपल्या वस्तीत, गिरणीत, शेतात पावलोपावली आहेत.

कसोट्या त्यांच्या वाट्याला बाराच आल्या. २०१३ साली त्यांनी खेळणे थांबवले आणि शिकवणे हाती घेतले. २०१४ मध्ये ते प्रशिक्षक असताना पंजाबचा संघ आयपीएलच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. त्याच वर्षी ते भारताचे फलंदाजी प्रशिक्षक झाले. भारताने २०१८-१९ मध्ये ऑस्ट्रेलियात प्रथमच कसोटी मालिका जिंकली, तेव्हाही तेच होते. २०१९ च्या विश्वचषकात उपांत्य फेरीत हार झाली. नंतर मुख्य, गोलंदाजीचे व क्षेत्ररक्षणाचे प्रशिक्षक कायम राहिले. बांगरांचे पद तेवढे गेले. तरी ते खचले नाहीत. २०२२ मध्ये बंगळुरूच्या आयपीएल संघाचे ते मुख्य प्रशिक्षक होते.

येथे आम्हांला बाळू पालवणकर आठवतात. चर्मकार समाजातले हे थोर गोलंदाज पुण्यात इंग्रज साहेबांच्या क्लबात नोकर होते. साहेबांना सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकायचे. बॅट मात्र कोणी हाती दिली नाही. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. अंगी गुण होता, पण शिकवणारा हात जातीने आखडून धरला होता.

तथागतांनी आनंदाला सांगितले होते की धम्म शिकवताना आपण काहीही मुठीत झाकून ठेवले नाही. खरा गुरू तोच. तेव्हा आमची तरुणांना विनंती आहे. कबड्डी, खो-खो, क्रिकेट, धावणे, जे तुम्ही शिकलात ते रविवारी सकाळी विहाराजवळच्या मैदानात लहानांना शिकवा. मुलींनाही बोलवा. आईबापांचा कोयता फडात गेला आणि मूल मागे आजीजवळ राहिले, तर त्याला आधी हाक मारा. प्रत्येक जण भारताकडून खेळणार नाही. पण बॅट हाती दिली नाही, असे सांगायची पाळी आपल्या एकाही लेकरावर येता कामा नये.