‘हॅलो’ची निष्कारण बदनामी

‘हॅलो’ हे ग्रॅहॅम बेलच्या प्रेयसीचे नाव, असे आमच्या कचेरीतले पदवीधरही छातीठोकपणे सांगतात. शुद्ध थाप! बेलची पत्नी मेबल हबर्ड. आणि तो स्वतः ‘अहॉय’ म्हणे. ‘हॅलो’चा पुरस्कार १८७७ साली एडिसनने केला, तो शब्द दहावीस फुटांवरून ऐकू जातो म्हणून. म्हणजे ते वंदन नव्हेच. ती हाक, आपल्या ‘अहो’सारखी.

महाराष्ट्र सरकारने मात्र २०२२ च्या गांधीजयंतीपासून कर्मचाऱ्यांना ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास सांगितले. कलकत्त्यात टेलिफोन केंद्र उघडले १८८२ मध्ये. बंकिमबाबूंची ‘आनंदमठ’ पुस्तकरूपाने निघाली तीही त्याच वर्षी. तिच्यातल्या त्या स्तोत्राने आता ‘ऐकू येते का?’ एवढेच विचारायचे? बंगालात राहणाऱ्या मला तरी हा त्या गीताचा गौरव वाटत नाही. इंग्रजी हाक नकोच असेल, तर ‘अहो’ने कोणाचे काय घोडे मारले आहे?