भूगोल घेतलास? मास्तर होणार काय?

बारावीचा निकाल लागला की येळ्ळूरच्या गल्लीगल्लीत एकच चर्चा. सायन्सवाला इंजिनिअरिंगला, कॉमर्सवाला सीएला. आणि एखाद्या पोरीनं "मी बी.ए.ला भूगोल घेतेय" म्हटलं, की काका-मामा लगेच विचारतात, "मास्तरीण होणार काय गं?"

मंडळी, हा प्रश्न आपण विचारावा याचंच मला नवल वाटतं. १९५६ पासून आपल्या चार पिढ्या नकाशावरच्या एका रेषेपायी झगडल्या. "खेडे हा घटक, भौगोलिक सलगता" हे शब्द आपल्याकडं शाळेत न गेलेल्या आज्जीलाही पाठ आहेत. तालुका धरायचा की खेडं धरायचं, सलगता कशी मोजायची, हे सगळे भूगोलाचेच प्रश्न. २०१४ च्या जुलैत वेशीवरचा 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' फलक काढला, तेव्हा लाठ्या आपण खाल्ल्या. पण नकाशा वाचणारी माणसं आपल्यात किती?

सीमाप्रश्न बाजूला ठेवू. शिवाराचंच बघा. बळ्ळारी नाल्याचं पाणी पावसाळ्यात भातात शिरतं. आपण निवेदन देतो, फोटो काढतो, पेपरात बातमी येते. पण उतार कुठून कुठं आहे, गाळ कुठं साचलाय, भराव टाकल्यावर पाणी कुठं तुंबतं, याचा सर्व्हे नंबरनिशी नकाशा आपल्या हातात असला, तर साहेबाला उत्तर द्यावंच लागेल. हलगा-मच्छे बायपाससाठी सुपीक जमीन जाते म्हणून शेतकरी रस्त्यावर उतरले, तिथंही तेच. तोंडी सांगणं वेगळं आणि कागदावर दाखवणं वेगळं.

आता पोटापाण्याचं. भूगोल म्हणजे राजधान्या आणि नद्या पाठ करणं, हे शाळेत संपलं. विद्यापीठात उपग्रहाची चित्रं वाचायला शिकवतात, जीआयएस म्हणजे संगणकावरचे नकाशे शिकवतात, हवामान, माती, पाणलोट, लोकसंख्या शिकवतात. एम.ए., एम.एस्सी. करून नगररचनेच्या पदव्युत्तर अभ्यासाकडं जाता येतं. डेहराडूनच्या रिमोट सेन्सिंग संस्थेत पुढचं शिक्षण आहे. नकाशे बनवणाऱ्या खासगी कंपन्या आहेत. यूपीएससीला भूगोल हा वैकल्पिक विषय म्हणून कित्येक जण घेतात. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजली जाताहेत, ती कामंही याच विद्येवर चालतात. आणि मास्तर झालं तरी त्यात कमीपणा कसला?

एक मात्र खरं. नुसती बी.ए.ची पदवी घेऊन घरी बसलं, तर नोकरी चालत येणार नाही. म्हणून धारवाड, कोल्हापूर, पुणे, कुठंही प्रवेश घेण्याआधी विचारा: जीआयएसची लॅब चालू आहे काय? क्षेत्रभेटीला नेतात काय? सॉफ्टवेअर पोरांच्या हातात देतात, की फळ्यावरच शिकवतात? पहिल्या वर्षापासून इंग्रजी आणि संगणक पक्का करा. कन्नडही वाचता यायला हवं. आपले उतारे त्याच भाषेत आहेत, राग धरून ते वाचता येत नाहीत.

यंदा कुणाच्या घरी पोरगं भूगोल म्हणालं, तर त्याला हसू नका. राजहंसगडावर घेऊन जा, खालचं शिवार दाखवा आणि नाला कुठून कुठं जातो ते त्यालाच सांगू द्या.