गोळी अडते, सुरा आत जातो!

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर शहीद झाले. तुकाराम ओंबळे हाती केवळ लाठी असताना कसाबला भिडले आणि प्राणास मुकले. करकरे यांच्या जाकिटाच्या दर्जावर प्रश्न उभे राहिले. पुढे ते जाकीटच गहाळ झाले. तेव्हापासून पोलिसांच्या संरक्षणाची चर्चा 'बुलेटप्रूफ' या एकाच शब्दाभोवती फिरते. ही चर्चा अपुरी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गोळी अडवणारे जाकीट सुराही अडवील, हा समज जीवघेणा आहे. १९६५ साली स्टेफनी क्वोलेक या महिला शास्त्रज्ञाने लावलेल्या शोधातून केवलार आले. अशा चिवट धाग्यांचे अनेक थर जाकिटात असतात. पिस्तुलाची गोळी त्यांवर आदळून चपटी होते आणि तिचा जोर धाग्यांच्या जाळ्यात पसरतो. सुरा मात्र चपटा होत नाही. सगळा जोर टोकावर एकवटतो, धार धागे कापत जाते. अणकुचीदार टोच्या तर धागे बाजूला सारूनच आत शिरतो. म्हणून सुऱ्यासाठीच्या जाकिटात अतिशय घट्ट विणीचे किंवा राळेचा लेप दिलेले थर, पातळ पत्रे, कड्यांची जाळी वापरतात. हे जाकीट गोळीपुढे टिकेलच असे नाही. कसाबच्या हातातील एके-४७ सारख्या रायफलीपुढे तर नुसते मऊ थर निकामी ठरतात. तिथे सिरॅमिक किंवा पोलादाच्या कठीण प्लेटा लागतात.

म्हणूनच अमेरिकेत दोन्हींच्या कसोट्या वेगळ्या आहेत. सुऱ्यासाठीच्या २००० सालच्या मानकात २४, ३३ आणि ४३ ज्यूल जोराच्या वारांचे तीन स्तर ठरवले गेले. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने २०१८ साली गोळीरोधक जाकिटांचे मानक आणले, ते स्वागतार्हच. पण गल्लीतल्या दंगलीत, तुरुंगाच्या बराकीत उभ्या असलेल्या शिपायापुढे बंदुकीआधी कोयता, सुरा, तलवार येते. त्याच्यासाठी काय?

दोन्ही धोके पेलणारी जाकिटे बनतात. ती जड आणि महाग असतात. तेव्हा सरकारने प्रत्येक खरेदीत जाहीर करावे : हे जाकीट कोणत्या शस्त्रासाठी, कोणत्या कसोटीवर तपासले आणि ते कोणाच्या अंगावर चढणार? साहेबांना कवच आणि शिपायाला वेताची ढाल, हा न्याय आम्हाला मान्य नाही. शहीद झाल्यावर मानवंदना देणाऱ्यांनी आधी जगण्याची हमी द्यावी!