बेळगाव स्थानकात चौथी भाषा हवी

रेल्वे स्थानकात भाषा ही शोभेची वस्तू नसते. गाडी कोणत्या फलाटावर येणार, किती उशिराने येणार, हे प्रवाशाला वेळेवर कळावे यासाठी ती असते. ऐनवेळी फलाट बदलला आणि उद्घोषणा समजली नाही, तर गाडी चुकते. म्हणूनच बेळगाव स्थानकातील मराठीचा प्रश्न अस्मितेचा असला, तरी त्याआधी तो प्रवासी सेवेचा आहे.

प्रादेशिक भाषा, हिंदी आणि इंग्रजी हे रेल्वेचे त्रिभाषा सूत्र. प्रादेशिक भाषा राज्यावरून ठरते, म्हणून १९५६च्या राज्य पुनर्रचनेनंतर बेळगावात ती कन्नड झाली. खानापूरहून येणारा, पुढे मिरज-पुण्याकडे जाणारा मराठी प्रवासी मात्र या सूत्रात कोठेच बसत नाही. ‘हिंदी देवनागरीतच असते, मग मराठी वेगळी कशाला?’ असा युक्तिवाद केला जातो. लिपी एक असली म्हणून भाषा एक होत नाही. आणि ध्वनिक्षेपकाला तर लिपीच नसते!

चौथी भाषा अशक्य आहे काय? महाराष्ट्र-गुजरात सीमेवरील नवापूर स्थानक पाहावे. तेथे राज्याची सीमा स्थानकातूनच जाते आणि उद्घोषणा हिंदी, इंग्रजी, मराठी व गुजराती अशा चार भाषांत होतात. त्यामुळे कोणाचेही राज्य धोक्यात आले नाही. बेळगावात राज्याची सीमा फलाटावरून जात नाही, हे खरे. पण बोलणाऱ्यांची भाषा नकाशावरील रेघ पाहून बदलत नाही.

कन्नडचे स्थान कमी करावे, अशी ही मागणी नाही. कन्नड पहिली राहो. तिच्या जोडीला मराठी यावी. सोलापूर-अक्कलकोटच्या कानडी प्रवाशालाही हाच न्याय मिळाला पाहिजे. जो हक्क आपण मागतो, तो दुसऱ्याला नाकारता येत नाही.

संविधानाच्या अनुच्छेद ३५० नुसार संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. बेळगाव स्थानक दक्षिण पश्चिम रेल्वेच्या हुबळी विभागात येते. सीमाबांधवांनी विभागीय व्यवस्थापकांकडे मराठीतून अर्ज करावेत. त्यात घोषणांपेक्षा गाडीचा क्रमांक, तारीख आणि झालेली अडचण नेमकेपणाने लिहावी. भावनेला उत्तर देणे प्रशासन टाळू शकते. नोंदवलेल्या गैरसोयीला ते द्यावेच लागते.