कॉफीचा कप आणि जोखमीचे ओझे

संध्याकाळी कळंबा तलावापर्यंत फिरून येण्याचा माझा नेम निवृत्तीनंतर सहसा चुकलेला नाही. या वाटेवर अलीकडे चहा-कॉफीच्या, एकाच साच्यातून काढल्यासारख्या पाट्यांच्या दुकानांची भर पडत आहे. परवा आपल्या चळवळीतील एका जुन्या साथीचा मुलगा अशाच एका साखळी-कंपनीचा करारनामा घेऊन घरी आला. “सर, सही तेवढी राहिलीय. बाबा म्हणाले, आधी सरांना दाखव आणि मगच काय ते कर.” दुकानासाठी वडिलांचे रान तारण ठेवावे लागणार होते.

नफ्यातोट्याचे शास्त्र हे भांडवलदाराचे शास्त्र, आपला त्याच्याशी संबंध काय, अशी एक समजूत आपल्या कार्यकर्त्यांत रुजलेली आहे. ती चुकीची आहे. हिशेब ज्याला येत नाही त्याच्याच माथी तोटा मारला जातो. म्हणून त्या मुलाबरोबर मांडलेला हिशेब येथे देतो. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.

दुकानाचे भाडे, दोन-तीन नोकरांचा पगार, वीज आणि कर्जाचा हप्ता मिळून दरमहा १ लाख २० हजार रुपये धरू. गिऱ्हाईक येवो अथवा न येवो, हा खर्च चुकत नाही. त्याला अर्थशास्त्रात स्थिर खर्च म्हणतात. कॉफीचा कप ६० रुपयांना विकला, त्यात दूध, साखर, पूड व कप यांचे २५ रुपये आणि कंपनीचे स्वामित्वधन ५ रुपये गेले, तर हाती ३० रुपये राहतात. म्हणजे महिन्याला ४ हजार, रोजचे सुमारे १३३ कप खपले तरच तोटा टळतो. मालकाच्या श्रमाचा मोबदला अजून शून्यच असतो.

आता शेजारी दुसरे दुकान आले आणि भाव ५० रुपयांवर आणावा लागला, असे समजा. कपामागे २० रुपयेच सुटतात, आणि तोटा टाळण्यासाठी ६ हजार, म्हणजे रोज २०० कप विकावे लागतात. भाव एकषष्ठांशाने उतरला, परंतु आवश्यक खप दीडपट झाला. विक्री ३ हजार कपांवर घसरली तर काय होईल? जुन्या भावानेसुद्धा दुकानदाराला ३० हजारांचा तोटा. कंपनीला मात्र १५ हजारांचे स्वामित्वधन मिळतेच. कंपनीचा वाटा विक्रीवर आहे, दुकानदाराचा नफ्यावर. साखळी विस्तारण्याची घाई कोणाला आणि का असते, हे यावरून ध्यानात यावे.

जोखीम कंपनीने स्वतःच्या शिरावर घेतली तरी प्रश्न सुटतोच असे नाही. चिकमगळूरच्या कॉफी-बागायतदार घराण्यातील व्ही. जी. सिद्धार्थ यांनी १९९६ साली बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर ‘कॅफे कॉफी डे’चे पहिले दुकान उघडले. मळ्यापासून कपापर्यंत सर्व काही एका हाती ठेवण्याची त्यांची कल्पना अभ्यासण्याजोगी होती, आणि दुकानांची संख्या दीड हजारांपलीकडे गेली. परंतु विस्तार कर्जावर उभा होता. समूहाचे कर्ज ७ हजार कोटी रुपयांच्या घरात पोचले. जुलै २०१९ मध्ये सिद्धार्थ यांचा दुर्दैवी अंत झाला आणि पुढील काही वर्षांत शेकडो दुकाने बंद पडली. कर्जाचा हप्ता हाही स्थिर खर्चच असतो. मंदीत तो थांबत नाही.

तिसरी वाट आपल्या देशाने फार पूर्वी पाहिली आहे. कॉफी बोर्डाने पन्नाशीच्या दशकात आपली कॉफी हाउसे बंद करून कामगारांना काढावयास घेतले, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था स्थापून ती स्वतः चालवावयास घेतली. १९५७ मध्ये बंगळूरला पहिली संस्था निघाली. १९५८ मध्ये त्रिशूरला कॉफी हाउस उघडले. केरळात ही कॉफी हाउसे आजही चालू आहेत. तेथे वाढणारा आणि हिशेब ठेवणारा हाच सभासद. जोखीम सर्वांत वाटली जाते आणि शिल्लकही.

मात्र सहकाराचे नाव घेतले की सर्व पापे धुतली जातात, असा भाबडेपणा नको. कोल्हापूर जिल्ह्यात तरी तो कोणी करू नये. बंगळूरच्या महात्मा गांधी रस्त्यावरील कॉफी हाउसला २००९ मध्ये जुनी जागा सोडावी लागली, कारण जागा दुसऱ्याची होती. भाड्याचा प्रश्न सहकारालाही सुटलेला नाही. शिवाय नव्या पिढीची आवड ओळखण्यात अनेक संस्था मागे पडल्या, हेही मान्य केले पाहिजे.

मग आपण काय करावे? अमेरिकेत १९७९ पासून असा नियम आहे की, फ्रँचायझी देणाऱ्या कंपनीने करारापूर्वीच आपली माहिती लेखी उघड केली पाहिजे. किती दुकाने निघाली आणि किती बंद पडली, हेही त्यात येते. आपल्या देशात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदाच नाही. भांडवलशाहीच्या माहेरघरी जे संरक्षण मिळते, ते कळंब्याच्या तरुणाला का मिळू नये? ही मागणी पक्षाने हाती घ्यावी. आणि प्रत्येक तालुक्यातील अभ्यासवर्गात एक दिवस अशा करारनाम्यांच्या वाचनासाठी राखून ठेवावा.

त्या मुलाला मी सही करू नकोस असे सांगितले नाही. आठ दिवस त्याच रस्त्यावरील एखाद्या दुकानासमोर बसून कप मोजून ये, आणि कंपनीकडून बंद पडलेल्या दुकानांची यादी लेखी माग, एवढेच सांगितले. कप त्याने मोजले आहेत. सरासरी रोज ९० भरली. यादी अद्याप आलेली नाही, आणि रान अजून तारण पडलेले नाही.