थेंबे थेंबे विष साचे!

पहाटेच बंगळूरच्या कृष्णराज मार्केटमध्ये कोलारचे टोमॅटो आणि चिक्कबळ्ळापूरची द्राक्षे येऊन पडतात. दुपारपर्यंत ती घरोघरी पोहोचतात. टोमॅटोवर एक औषध फवारलेले, द्राक्षांवर दुसरे, कोबीवर तिसरे. प्रत्येकाचा अंश ठरलेल्या मर्यादेत असला की माल निर्धोक मानला जातो. पण पानात तर सगळे एकत्रच वाढले जाते!

काही कीटकनाशके आणि बुरशीनाशके शरीरातील हार्मोन्सची नक्कल करतात, तर काही त्यांची वाट अडवतात. डीडीटीपासून बनणारा डीडीई हा घटक पुरुष-हार्मोनच्या कामात अडथळा आणतो. मॅन्कोझेब या बुरशीनाशकापासून तयार होणारा घटक थायरॉईडला त्रासदायक ठरतो. म्हणूनच हार्मोनवरील परिणाम हेही एक कारण देऊन युरोपीय संघाने २०२० मध्ये मॅन्कोझेबची मंजुरी वाढवली नाही.

२००२ मध्ये लंडनच्या संशोधकांनी इस्ट्रोजेनसारखी वागणारी आठ सौम्य रसायने यीस्टच्या पेशींवर तपासली. प्रत्येकाची मात्रा इतकी कमी की एकट्याचा परिणाम दिसू नये. आठही एकत्र करताच परिणाम स्पष्ट दिसला. शून्य अधिक शून्य म्हणजे शून्यच, हा हिशेब इथे चुकला.

माणसांच्या बाबतीतला धडा बंगळूरपासून फार दूर नाही. केरळच्या कासरगोडमध्ये काजूच्या बागांवर २००० सालापर्यंत हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारले जाई. तिथल्या मुलांमध्ये वयात येण्याची प्रक्रिया लांबल्याचे अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेच्या संशोधकांना आढळले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये एंडोसल्फानवर बंदी घातली. तिथे मात्रा मोठी होती आणि विष एकच होते. रोजच्या पानातले अंश लहान असतात, पण अनेक असतात. गर्भातील बाळ आणि लहान मुले यांना त्यांचा धोका अधिक, कारण त्यांचे अवयव हार्मोन्सच्या इशाऱ्यावरच घडत असतात.

मग भाज्या सोडायच्या का? मुळीच नाही! त्यांचे फायदे मोठे आहेत. भाजी-फळे वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावीत. कोबीची वरची पाने काढून टाकावीत. शक्य तिथे साल काढावी. रोज तीच ती भाजी न आणता आलटूनपालटून आणावी. मात्र झाडाच्या आत भिनलेले औषध धुऊन जात नाही, हेही ध्यानात ठेवावे. शेतात फवारणी करून आलेल्याने आंघोळ केल्याशिवाय मुलांना जवळ घेऊ नये. त्याचे कपडेही वेगळे धुवावेत.

गृहिणी आपल्या परीने काळजी घेईलच. पण एकेका औषधाची मर्यादा ठरवणाऱ्यांनी आता संपूर्ण पानाचा हिशेब मांडायला हवा.